तडकलेल्या डाळिंबांची पिशवी

उजाडता उजाडता माझ्या वडिलांनी, आप्पांनी, कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पिकअपचं दार बाहेरून स्वतः लावलं. पिशवीत नऊ डाळिंबं, सगळी तडकलेली. "आज संध्याकाळच्या आत सुनीच्या हातात पडली पाहिजेत," आप्पा म्हणाले. "तिनं खाल्ली, तर विचार, पोरीला घेऊन घरी येतेस का. नाही खाल्ली, तर एक शब्द बोलू नको. मुकाट्यानं परत ये."

सुनी ही माझी धाकटी बहीण. नाशिकला नर्सिंग शिकताना तिनं डहाणूच्या जयेशशी लग्न जमवलं. त्यांचं घर मासेमारीचं, आणि आमच्या घरात मासळी कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. आप्पा लग्नाला गेले नाहीत. मीही गेलो नाही, हे लिहिताना आजही मान खाली जाते. सात वर्षं झाली त्याला. सुनीच्या मुलीचा फोटो मी मध्यंतरी आप्पांना दाखवला, तर चष्मा सापडत नसल्याचं नाटक करून त्यांनी तो तीनदा पाहिला.

आता तडकलेलीच का, ते आधी सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, बहिणीला द्यायला यांना धड फळ मिळालं नाही! आम्हा सटाण्याकडच्या डाळिंबवाल्यांच्या घरात अख्खं, तुकतुकीत फळ कुणी खात नाही. ते बाजाराचं. ठिबक दोन दिवस बंद पडलं आणि मग एकदम पाणी मिळालं, की पिकत आलेलं फळ झाडावरच उकलतं. व्यापारी त्याकडे ढुंकून बघत नाही. पण खाऊन बघा एकदा! ते घरच्यांचं. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या ऐटीत सुनीला निर्यातीच्या डाळिंबांचा खोका पाठवला होता, एकेक फळ जाळीत बसवलेलं. तिनं तो गल्लीत वाटून टाकला. "दादा, असा खोका तुम्ही परक्यांना देता," एवढंच फोनवर म्हणाली. मी चिडलो होतो. आप्पांना मात्र तेव्हाच कळलं असावं.

पण तडकलेलं फळ टिकतं एक दिवस, फार तर दीड. भेगेत ऊन शिरलं की आंबलंच समजा. त्यामुळे सापुताऱ्याचा घाट, बांबूची बनं, दरीतलं धुकं, लोक खास बघायला येतात ते सगळं माझ्या दोन्ही बाजूंनी गेलं आणि मी पिशवीत नाक खुपसून बसलो होतो.

पिकअप माल घेऊन वापीच्या बाजारापर्यंतच जाणार होती. तिथून मुंबईकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये चढलो, आणि गुजरात-महाराष्ट्र सीमेवर अच्छाडच्या नाक्यावर रांगेत अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, वर नोव्हेंबरचं असून भाजणारं ऊन. "किती वेळ?" मी ड्रायव्हरला विचारलं. "लागला तर तास, नाहीतर दोन," त्यानं सांगितलं आणि पाय स्टिअरिंगवर टाकून झोपला. मला त्याचा असा संताप आला!

सावलीसाठी शेजारच्या धाब्यावर गेलो. पिशवी उघडली, तर आंबूस वास. दोन फळं गेलीच होती, ती फेकली. तिसरं मऊ पडायला लागलेलं. धाब्याचा मालक वाकून बघायला आला.

"अरे भाऊ, आ तो फाटेलुं दाडम छे! (हे तर फाटलेलं डाळिंब आहे!) बाजारात गंडवलं तुम्हाला." एवढं बोलून त्यानं ते मऊ फळ उचललं आणि मधोमध कापायला सुरी घेतली.

"ठेवा ती सुरी खाली!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

डाळिंबाला मधून सुरी घालायची म्हणजे अर्धा रस टेबलाला पाजायचा. वरची टोपी तेवढी गोल कापून काढायची. आत पांढरे पडदे दिसतात. जिथे पडदा, तिथे बाहेरून सालीवर बारीक कड असते. त्या कडेवर सालीपुरतीच चीर द्यायची आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ उघडायचं. तडकलेल्याला तेही नको, त्याची चीर त्यानंच दिलेली असते. वाटीवर उलटं धरून पाठीवर चमच्यानं ठोकलं की दाणे भराभर पडतात, पण ते पाहुण्यांसमोर. घरी मूठभर दाणे एकदम तोंडात टाकायचे आणि बियांसकट चावायचे. एकेक दाणा टिपत बसणाऱ्याला आमच्याकडे विचारतात, बरं नाही का?

मी ते फळ तसं उघडून दिलं. मालकानं मूठ तोंडात टाकली. जरा थांबला. मग दुसरी टाकली. "आणखी आहे?"

"आहेत सहा. बहिणीची आहेत. आणि इथंच नासणार आहेत," मी म्हणालो.

तो तडक रस्त्यावर गेला. रिकामा टेम्पो आडवाटेनं तलासरीकडे वळत होता, त्याला त्यानं हात करून थांबवलं. "आ भाईला घेऊन जा, बहिणीचं फळ बगडे छे! (बिघडतंय!)" त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

तलासरीहून जीपनं चारोटी आणि तिथून दुसरी जीप डहाणूची. आता पोचलो, असं म्हणेपर्यंत रानशेतजवळ टायर बसलं. सगळे उतरलो. सागाच्या पानांचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी माझ्याकडे बघत उभी राहिली, कारण मी बाटलीतलं पाणी पिशवीवर शिंपडत होतो.

"पाणी नको लावू रे बाबा, सडतील ना ती," ती म्हणाली. भारा उतरवून तिनं मोठाली पानं काढली, एकेक फळ कोरडं पुसलं आणि वेगवेगळं बांधून दिलं. "कोणाला नेतोस?" "बहिणीला." "मग मांडीवर घे. खाली नको ठेवू."

डहाणूला खाडीशेजारच्या सुनीच्या घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. जयेश बोटीवर गेलेला, सुनी दवाखान्यात ड्युटीवर. ओट्यावर तिच्या सासूबाई सुके बोंबील निवडत होत्या. अख्खे एका बाजूला जुड्या बांधून, तुटके पत्र्याच्या डब्यात. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मग पानं सोडून आतली फळं बघितली.

"सात वर्षांनी माहेरचा माणूस आला, तो फुटकी फळं घेऊन?" त्या म्हणाल्या. "तुमच्या बागेत चांगलं फळ नव्हतं का हो? का आम्हाला हे चालतं, असं वाटलं?"

घरून निघताना ही गोष्ट माझ्या किंवा आप्पांच्या डोक्यातही आली नव्हती. त्यांनी ती फळं कोपरानं ओट्याच्या कडेला सारली. मी उभाच राहिलो.

पाऊण तासानं सुनी आली. मला बघून दारातच थांबली. "दादा" म्हणाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघ, बापानं काय पाठवलंय. टाकून दे ते."

सुनी खाली बसली. एक फळ उचलून वास घेतला. "कुणी तोडली?"

"आप्पांनी. विहिरीजवळच्या झाडाची."

तिनं भेगेत अंगठे घालून फळ उघडलं. आतून काळं! दुसरं उघडलं, तेही आंबलेलं. तिसरं उघडलं, तर लालभडक, घट्ट दाणे. तिनं मूठ भरली आणि तोंडात टाकली. रस हनुवटीवरून ओघळला, आणि डोळ्यांतलं पाणीही. मग तिची चिमुरडी पळत आली, तिच्याही तोंडात तिनं मूठ कोंबली.

"अगं, फुटकं देतेस पोरीला?" सासूबाई ओरडल्या.

"आई, तुमचे अख्खे बोंबील कुठे जातात?"

"बाजारात."

"आणि तुटके?"

सासूबाई डब्याकडे बघत राहिल्या. मग हात पुढे केला. "दे मलापण."

आता विचारायला हरकत नव्हती. मी विचारलं. सुनी बराच वेळ पोरीचं तोंड पुसत राहिली. सासूबाईंनीच उठून माझ्या पिशवीत तुटके बोंबील भरले, वर कागद कोंबला. "व्याह्यांना द्या," म्हणाल्या. सुनीनं मान वर केली. "त्यांनी हे खाल्लं, तर येईन. मी खाल्लं नसतं तर मुकाट्यानं परत ये, असंच सांगितलं असेल ना त्यांनी तुला?" बाप ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी परतताना पिशवी पुन्हा मांडीवरच होती. एसटीत शेजारचा माणूस वासानं उठून गेला. जाताना नासण्याची भीती होती. आता पिशवीतलं वर्षभर टिकलं असतं, पण आप्पांचं काही सांगता येत नव्हतं. एका घरचं उरलंसुरलं दुसऱ्या घरी नेणं इतकं अवघड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लोक पेढे घेऊन हसत हसत जातात.

आप्पा अंगणातच होते. पिशवी उघडली, नाक आक्रसलं, पण तोंड फिरवलं नाही. आत हात घालून त्यांनी एक तुकडा काढला.

"तुटके आहेत."

"हो," मी म्हणालो. "त्यांच्या घरचे आहेत." आणि सुनीची अट सांगितली.

आई दारात पदर नाकाला लावून उभी होती. आप्पांनी तिला तवा ठेवायला सांगितलं, तर ती जागची हलेना. मग स्वतःच अंगणात तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, तुकडा भाजला आणि तोंडात टाकला. कितीतरी वेळ चावत होते. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"खारट आहे," ते म्हणाले. "तिला सांग, येताना अजून आण."