पांडा न बघता डार्विनला

आमच्या घरात प्रवास दोनच कारणांनी व्हायचा, लग्न नाहीतर मयत. वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवायचे आणि आई त्याच शेडच्या पडवीत कांड्या भरायची. मागांच्या खडखडाटानं दोघांचेही कान लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलतच नसे. भांडण नसतानाही शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. मंदी आली की मालक शेडला कुलूप लावायचा आणि भाकरीबरोबर चटणीशिवाय काही दिसायचं नाही. अशा घरातून मी मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

पुढे ऑस्ट्रेलियात क्लेटनला येऊन मास्टर्स केलं, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळे वॉलॉंगॉंगला आलो, मुलगी झाली. आणि इतकं शिकून मी सुपरमार्केटच्या डेली काउंटरवर, म्हणजे चीज आणि थंड मांस विकतात तिथे, हॅम कापत उभी होते. प्रत्येक लॅबचं एकच म्हणणं, इथला अनुभव हवा. अहो, आत घेतल्याशिवाय अनुभव कुठून आणू? आई गावाहून फोनवर विचारायची, "अजून डुकराचंच कापतीस व्हय गं?" मी म्हणायचे, "हो." ती म्हणायची, "बरं, हात जपून."

वडील गेल्यावर आई थोडे महिने आमच्याकडे राहायला आली आणि तेवढ्यात जगाला कुलूप लागलं. विमानं बंद. ती अडकली ती अडकलीच. त्याच काळात लॅबमध्ये माणसं कमी पडू लागली आणि ज्या पत्त्यांवर मी वर्षानुवर्षं अर्ज टाकत होते, त्यांतल्या एका पत्त्यावरून उत्तर आलं. देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलची लॅब. व्हिडिओवर मुलाखत झाली, निवड झाली. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, "सोमवारी हजर व्हायचं. बॉर्डरवर अडकून क्वारंटाइनमध्ये गेलात तर आम्हाला थांबता येणार नाही, पुढच्या नावाला फोन करावा लागेल."

विमानाचं तिकीट काढलं की रद्द व्हायचं. शिवाय सिडनीच्या विमानतळावर पाऊल टाकायचीच भीती. मग ठरलं, गाडीनं जायचं. अर्धा देश आडवा आणि पूर्ण देश उभा. नवरा घरूनच काम करत होता, त्याला कुठूनही चाललं असतं. आई आणि सहा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर.

माझ्या दृष्टीनं हा नोकरीवर जायचा रस्ता होता. नवऱ्याच्या दृष्टीनं ही फॅमिली रोड ट्रिप होती. तो पुण्याचा. लहानपणी दर मे महिन्यात फिरायला जाणाऱ्या घरातला. त्यानं दर दोन तासांना एक 'किड-फ्रेंडली स्टॉप' शोधून ठेवला होता.

"अरे, आपल्याला सोमवारी पोहोचायचंय," मी म्हणाले.

"पोहोचणार गं. पण पोरीला काही आठवणी नकोत का?"

"तिला आठवणी आणि मला काय, पुन्हा हॅम?"

"तू ना, सुट्टी एन्जॉय करायला शिकलीच नाहीस."

ते खरं होतं आणि त्यामुळे जास्त राग आला.

पहिलाच थांबा एका गावातलं नावाजलेलं प्लेग्राउंड. पोहोचलो तर झोपाळे साखळीनं वर बांधलेले आणि घसरगुंडीभोवती पिवळी पट्टी. मुलीनं पट्टीपाशी उभं राहून असा गळा काढला की जणू आम्हीच ती लावली होती. आईनं तोवर गवतावर चादर पसरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली होती. काउन्सिलचा माणूस आला आणि लांबूनच ओरडला की इथे बसू नका. आईला ऐकू गेलं नाही. तिनं हात वर करून त्याला दशमी दाखवली, "या जेवायला!"

पुढे सार्वजनिक टॉयलेट बंद. त्यापुढे म्युझियम बंद. ब्रोकन हिलला टेकडीवर एक अवाढव्य लाल बाक आहे, माणूस त्याच्या पायाएवढासुद्धा दिसत नाही. तो तेवढा उघडा होता, कारण बाकाला दार नसतं. नवरा फोटो काढायला लांब लांब जात राहिला. मुलगी बाकाकडे पाठ करून खडे गोळा करत बसली. आईनं बाक निरखून विचारलं, "एवढा मोठा कुणासाठी बांधलाय?"

"कुणासाठी नाही आई, बघायलाच."

"मग एवढं लाकूड..." असं म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

प्रत्येक थांब्याला मी घड्याळ बघायचे. पण नवऱ्याचा मुख्य बेत पुढेच होता. तिथून खाली वळून अ‍ॅडलेडला मुक्काम करायचा, कारण अ‍ॅडलेडच्या झूमध्ये पांडा आहेत. वळसा चांगलाच मोठा. मला न सांगता त्यानं मुलीला शब्द देऊन टाकला होता, आणि बॉर्डरच्या परवान्याच्या अर्जातही 'मुक्काम: अ‍ॅडलेड' असं भरून मोकळा झाला होता. मुलगी वॉलॉंगॉंगपासून घोकत होती, "पांडाज आर नेक्स्ट, राइट?" प्रत्येक वळणाला.

इथे आईचं एक सांगायला हवं. आमच्या भागात नवी गाडी असो की जुनी, लांबच्या रस्त्याला निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडून पुढे जातात. आमच्याकडे स्वतःची गाडी कधी नव्हती, पण वडील मालकाच्या टेम्पोला हे करायचे, म्हणून आईला पद्धत पक्की माहीत. वॉलॉंगॉंगहून निघताना तिनं चार लिंबं ठेवली. मी म्हणाले, "आई, एकदा झालं, बास." ती म्हणाली, "बास." मला वाटलं विषय संपला.

न्यू साउथ वेल्समधून साउथ ऑस्ट्रेलियात शिरलं की रस्त्यावर फळांचा तपासणी नाका आहे. फळमाशी जाऊ नये म्हणून फळं पुढे नेता येत नाहीत. हे मला माहीत होतं. मी आधीच्या गावातच केळी, सफरचंदं सगळ्यांना बळंबळं खायला घातली होती. नाक्यावर मास्क लावलेल्या बाई खिडकीशी आल्या. "एनी फ्रूट, व्हेजीज?"

नवरा छातीठोकपणे म्हणाला, "नो, नथिंग."

बाईंनी गाडीभोवती चक्कर मारली आणि पुढे थांबल्या. खाली वाकल्या. नंबरप्लेटच्या मागे, काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या.

"अँड व्हॉट्स धिस, मेट?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आई खिडकीतून बाहेर बघत होती. नवरा म्हणाला, "इट्स फॉर... रोड सेफ्टी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि सगळी गाडी रिकामी करायला लावली. घर हलवत होतो आम्ही! मसाल्यांचे डबे, पापड, गाद्या, मिक्सर, देवांचा डबा, सगळं रस्त्याकडेच्या लाल मातीत. स्टेपनीच्या खोबणीत लिंबं. आईच्या चपलांच्या पिशवीत लिंबं. शेवटी राहिला प्रेशर कुकर. झाकण घट्ट लावलेलं, वर शिट्टीसुद्धा बसवलेली.

"आई, यात काय आहे?"

"कुकर हाय की."

"कुकरमध्ये काय आहे?"

मी झाकण फिरवलं. वॉलॉंगॉंगच्या शेजारणीच्या परसातल्या झाडाची, पिवळीधमक, काठोकाठ भरलेली लिंबं. माझ्या लक्षात आलं, रोज सकाळी आम्ही दात घासत असताना आमच्या मातोश्री चारही चाकांखाली लिंबू ठेवत होत्या.

"आई! मी तुला बास म्हटलं होतं ना?"

"तू म्हणालीस, मी म्हणाले. चाकांना कोण विचारणार?" मग नाक्यावरच्या बाईंकडे बोट दाखवून, आपल्या मागावरच्या आवाजात, "त्यांना सांग, ही खायची न्हाईत. रस्त्याची हाईत."

मी मास्टर्स केलेली बाई. रोगजंतू, संसर्ग, कीड यांवर परीक्षा दिलेली. आणि मी एका सरकारी बाईंपुढे उभी राहून भाषांतर करत होते की, 'माय मदर सेज दे आर नॉट फॉर ईटिंग, दे आर फॉर द रोड.' मुलगी मधेच म्हणाली, "सो कॅन वी गो टू द पांडाज नाऊ?"

लिंबं पिंपात गेली. आम्हाला चांगली समज मिळाली. सामान परत भरेपर्यंत ऊन उतरलं होतं, आणि त्या मुलखात संध्याकाळनंतर गाडी हाकायची नसते, कांगारू आडवे येतात. जवळच्या छोट्या गावात मोटेल मिळालं. सकाळी नवऱ्यानं हळूच नकाशा काढला.

"अजून जमेल. थोडं फास्ट..."

"नाही."

"अगं, तिला प्रॉमिस केलंय."

"तू केलंयस. मी सोमवारचं केलंय. वर वळ."

तो वर वळला. मुलीनं पुढचा सगळा रस्ता आमच्याशी अबोला धरला, फक्त मधून मधून मोठ्यांदा म्हणायची, "बिकॉज ऑफ लेमन्स." आई तिच्या मांडीवर थोपटून विचारायची, "काय म्हणती गं ही?" मी म्हणायचे, "काही नाही."

कूबर पीडीला नवऱ्यानं हौसेनं जमिनीखालचं मोटेल घेतलं होतं, खडकात कोरलेलं. हाही किड-फ्रेंडली. मुलगी ढिम्म. आईनं जिन्याच्या तोंडाशी पाऊल रोवलं. "जित्तेपणी मातीखाली? मी न्हाई झोपत." आई गाडीत झोपली. म्हणजे मलाही गाडीत झोपावं लागलं.

सकाळी फोनला रेंज आली आणि बातम्या धडाधड येऊन पडल्या. अ‍ॅडलेडमध्ये केसेस. शहर हॉटस्पॉट. तिथून डार्विनच्या नॉर्दर्न टेरिटरीत येणाऱ्यांना दोन आठवडे क्वारंटाइन. नवरा स्टीअरिंग धरून बसून राहिला. मला बोलायचं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी कळेना. आईला समजावून सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "मग? लिंबानं अडवलं म्हणून वाचलात. शिकलेली माणसं तुम्ही."

"आई, लिंबाचा काही संबंध नाही. योगायोग आहे."

"बरं, योगायोग."

"उगाच बरं म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू?" जावयाकडे वळून, "जावई, तुम्ही सांगा."

जावई म्हणाला, "आई, मी आता कशाच्याच मध्ये बोलणार नाही."

पण खरा घोर पुढेच होता, कारण परवान्यावर अ‍ॅडलेडचा मुक्काम लिहिलेला. तो बदलायला गेलो तर साइट उघडेना. टेरिटरीच्या बॉर्डरवर गाड्यांची रांग. पोलिसानं फोनवरचा परवाना वाचला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही अ‍ॅडलेडला राहिलात."

"नाही, नाही, तसा प्लॅन होता, पण गेलो नाही," मी इंग्रजीत घाईघाईनं सांगितलं. छोट्या गावातल्या मोटेलची पावती दाखवली. तो म्हणाला, "हे एका रात्रीचं झालं. दुसऱ्या दिवशी गेला नसाल कशावरून?" मला लॅबच्या बाईंची मुलाखत आठवत होती, तो 'पुढच्या नावाला फोन'. मी काय बोलत होते मला माहीत नाही, नवरा माझं बोलणं तोडून मधेच बोलत होता, आई मागून "काय म्हणतोय त्यो?" असं खडखडाटाच्या आवाजात विचारत होती.

आणि मागच्या सीटवरून, इतक्या मैलांचा अबोला मोडून, मुलगी ओरडली, "वी डिडन्ट गो टू अ‍ॅडलेड! दे प्रॉमिस्ड मी पांडाज अँड वी डिडन्ट गो! दे नेव्हर टेक मी एनीव्हेअर!"

मग रडू. खरंखुरं, नाकातून पाणी, पाय आपटत. पांडा, लिंबं, बंद झोपाळे, सगळं बाहेर आलं. पोलीस खिडकीतून तिच्याकडे वाकला.

"इज दॅट राइट? नो पांडाज?"

"नो पांडाज!"

त्यानं पेट्रोलच्या पावत्या मागितल्या. कूबर पीडीची पावती, त्याआधी वाटेतल्या पोर्ट ऑगस्टाची, वेळा जुळल्या. तो सरळ झाला आणि मला म्हणाला, "त्या वेळात अ‍ॅडलेडला जाऊन परत येता येत नाही. आणि एवढं कुणी खोटं रडत नाही. गो ऑन. नो वरीज."

नवऱ्यानं गाडी हलवली. पुढच्या पेट्रोल पंपावर मी मुलीला तिला हवा तो निळा बर्फाचा स्लशी घेऊन दिला, तिनं तो गाडीत सांडला, आणि मी ओरडले. तिचे उपकार मानायचे राहिलेच. पुढचा रस्ता सरळ, तापलेला, मुंग्यांच्या वारुळांचा. आम्ही एकही किड-फ्रेंडली थांबा घेतला नाही.

रविवारी डार्विनला पोहोचलो. सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये हजर झाले, कोट चढवला आणि पहिल्याच पाळीत नमुने तपासायला बसले. जे शिकले होते, तेच काम.