झाकायचा डोळा

वर्धा स्टेशनाबाहेर येताच पाण्याची बाटली, टोपी आणि परतीचं तिकीट जागेवर आहे ना ते पाहिलं आणि अल्लीपूरची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या.

मी भाचीकडे, स्मिताकडे निघाले होते. तिची ओवी आता सात महिन्यांची. तिचा डावा डोळा जन्मतःच लहान होता आणि त्यात मोतीबिंदू. तान्ह्या बाळालाही मोतीबिंदू होतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सेवाग्रामला शस्त्रक्रिया झाली. डोळा फार लहान म्हणून आत भिंग बसवलं नाही, जाड चष्मा दिला. पुढच्या तपासणीच्या दिवशी स्मिता शिकवते त्या शाळेत परीक्षा होती, म्हणून सोबतीला मी.

दारातच तिच्या सासूबाई, शांताबाई, माझ्या औषधांनी फुगलेल्या दोन पिशव्यांकडे पाहून म्हणाल्या, "पुण्याच्या विहीणबाई दवाखानाच घेऊन आल्या वाटते!"

जेवायला पाटोडी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी शांताबाईंच्या मांडीवरची ओवी एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. डाव्या डोळ्यावर, चष्म्याखाली, चिकटपट्टी होती.

"रोज लावता?" मी विचारलं.

"रोज. सूनबाई शाळेत गेली का मीच लावतो. ते शाळेतून यायच्या आंधी काढतो."

दुखऱ्या डोळ्याला आराम हवाच. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने वर्धा आणि तिथून ऑटोने सेवाग्राम. तरुण डॉक्टरीणबाईंनी ओवीला मांडीवर घेतलं आणि पट्टी पाहून त्या थबकल्या.

"आजी, पट्टी या डोळ्यावर कुणी लावली?"

"मीनं. काऊन (का) हो?"

"चांगला डोळा झाकायचा होता."

"असं कसं? माह्या मोतीबिंदूचं आपरेशन झालं, तवा ज्याचं झालं त्याच डोळ्यावर पट्टी होती. आमच्या गावात साऱ्यायचं तसंच झालं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या डोळ्याला बघायचं आधीच माहीत होतं, आजी. हिच्या डोळ्याला अजून शिकायचंय. चांगला उघडा ठेवला, तर दुसरा आळशी होतो."

मग त्यांनी ती पट्टी काढली आणि उजवा डोळा झाकला. ओवीने किंकाळी फोडली. तिचं जग कुणीतरी एकदम पुसून टाकलं होतं.

"म्हणजे दिसतच नाई का तिले?" शांताबाईंनी विचारलं.

"कमी दिसतं. किती, ते आज सांगता येणार नाही. डोळ्याचा दाब आज ठीक आहे. पण अशा लहान डोळ्यात तो पुढे कधीही वाढू शकतो, म्हणून तपासणी चुकवू नका. शस्त्रक्रिया चांगली झालीय. बाकीचं काम घरचं."

"अन् गेलेले दिवस?"

"ते गेले. आजपासून सुरू करा."

मी घाईने विचारलं, पट्टी किती वेळ, चष्मा कधी काढायचा, झोपेत काय.

परतीच्या एसटीत ओवी रडत होती. शेजारची बाई चिडली, "काऊन रडवून राह्यले लेकराले? काढा ना ते पट्टी!"

"नाई काढत," शांताबाई ओवीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या. "रडू दे. मी लय आराम दिला त्या डोळ्याले."

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं सुनेला स्वतःच सांगितलं. स्मिता उठून ओवीच्या चष्म्याची काच पुसू लागली.

मी निघाले त्या सकाळी शांताबाई ओवीला घेऊन थांब्यावर आल्या. उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि रडणं नुकतंच थांबलं होतं. शस्त्रक्रिया झाली की काम संपलं, असं मी पुण्याहून निघताना धरून चालले होते. खरं काम ते रोजचं रडणं ऐकत बसण्याचं होतं, आणि ते या घराला कित्येक वर्षं करायचं होतं.

एसटी आली. ओवीने मान हळूच वळवली. तिला लाल गाडी दिसली की नुसता आवाज आला, कळलं नाही. शांताबाईंनी तिला कडेवर उंच धरलं आणि म्हणाल्या, "पाय (बघ), बाई, पाय."