उघड्या डोळ्यांचा फोटो

सदर इसमाचे वय सत्तावन्न. उंची मध्यम, बांधा मध्यम, मते ठाम. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात दर्जा तपासनीस. ओळखण्याची खूण: हाती आलेली कोणतीही वस्तू, मग तो पाण्याचा पेला असो वा शेजाऱ्याचा चष्मा, प्रथम उजेडासमोर धरून एक डोळा बारीक करणे. सदोष माल नजरेतून सुटल्याची नोंद नाही. विवाहित.

सदर इसमाची पत्नी एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती आणि शनिवारी निवृत्त होणार होती. तिच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या मेट्रन चौकटीत बसून ये-जा करणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. आता त्या रांगेत तिची पाळी होती. अडचण एवढीच, की मेट्रनबाईंचा डोळे उघडे असलेला एकही फोटो अस्तित्वात नव्हता. कुणी ‘रेडी’ म्हटलं की पापण्या मिटल्याच. लग्नाच्या आल्बममध्ये तपासनीस एका गाढ झोपलेल्या मुलीशेजारी आनंदाने उभे आहेत.

“मिटल्या डोळ्यांचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लावलात तर लोक हात जोडून पुढे जातील,” ती म्हणाली. “त्यापेक्षा नकोच.”

म्हणाली चेष्टेनं, पण रांगेतल्या शेवटच्या चौकटीशेजारी एक नवा खिळा तिने आधीच ठोकून घेतला होता, हे तपासनिसांना ठाऊक होतं.

मार्ग काढला मेव्हण्यांनी. मेव्हण्यांकडे कॅमेरा नव्हता, मतं मात्र मुबलक होती. “भाऊजी, हे मोबाइलचं काम नाही. डीएसएलआर घ्या. बटण दाबून धरलं की धडाधड फोटो काढत सुटतो. एखाद्यात तरी ताई डोळे उघडेल की! झोपेत का चालते ती?”

दोघे दुकानात गेले. बॉडी वेगळी मिळते, लेन्स वेगळी मिळते, आणि प्रत्येक लेन्स प्रत्येक बॉडीवर बसत नाही, इथपर्यंत तपासनिसांना सगळं ओळखीचं वाटलं.

“म्हणजे बाटली आणि बूच,” ते म्हणाले.

“तसंच समजा,” दुकानदार म्हणाला. “पहिलाच कॅमेरा ना, काका? मग बॉडी साधी घ्या, ती चार वर्षांत जुनी होते. पैसे काचेत घाला. काच टिकते.”

उभा जन्म काचेत काढलेल्या माणसापुढे हे बोलायला नको होतं. साध्या बॉडीसोबत येणारी लेन्स प्लास्टिकची निघाली, म्हणून तपासनिसांनी ती उजेडासमोर न धरताच बाजूला सारली. मग त्यांची नजर कपाटातल्या एका वापरलेल्या लेन्सवर गेली. धातूची, वजनदार, खास माणसांचे फोटो काढायची. ती त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली, डोळा बारीक केला. बुडबुडा नाही, ओरखडा नाही.

“या बॉडीवर बसेल?”

“बसायला बसेल, पण काका...”

तपासनिसांनी ती फिरवून बसवलीसुद्धा. खट्. त्यांच्या कारखान्यात बूच घट्ट बसलं की माल पास होतो; बुचाला आणखी काही विचारायची पद्धत नाही. ‘पण’च्या पुढचं दुकानातच राहिलं.

शुक्रवारी सकाळी मेट्रनबाई पांढऱ्या गणवेशात खिडकीपाशी, दाराच्या पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. फोटो दुपारपर्यंत पोचवायचा होता. तपासनिसांनी बटण दाबून धरलं. कॅमेरा खरोखरच धडाधड सुटला आणि त्याने धुक्याचे वीस फोटो काढले. धुक्यात कुणीतरी होतं, डोळे मिटून.

मेव्हण्यांनी दुकानदाराला फोन लावला. “तेच तर सांगत होतो,” तो म्हणाला. “जुन्या लेन्सला स्वतःची मोटर नाही. ती फिरवायची मोटर बॉडीत लागते, आणि साध्या बॉडीत ती नसते. आता फोकस हाताने करा.”

तपासनिसांनी एक डोळा मिटला आणि लेन्सचं कडं हळूहळू फिरवायला घेतलं.

“हसू का?”

“थांब. आत्ता नाक आलंय.”

“नाकाचा फोटो मागितलेला नाही त्यांनी.”

“हलू नकोस. गेलं नाक. कान आला.”

“ताई, धीर धर,” मेव्हणे म्हणाले.

“तू गप्प बस. हे सगळं तुझंच डोकं आहे.”

कडं पुढे गेलं, मागे आलं. ‘रेडी’ म्हणायची वेळच येईना, त्यामुळे कुणी ते म्हटलं नाही. मेट्रनबाईंनी खिडकीबाहेर पाहून घेतलं, घड्याळ पाहून घेतलं. शेवटी ओली फरशी तशीच सोडून निघालेल्या वॉर्डबॉयकडे बघतात तसं त्यांनी थेट समोर बघितलं.

“अहो, मी निवृत्त व्हायच्या आत होणार आहे का हे?”

खट्.

दोन्ही डोळे उघडे. सताड.

मेट्रनबाई कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर वाकल्या. “ही मी?” त्या हळूच म्हणाल्या. मग पदर सावरावा तशा सावरल्या. “तरीच माझ्याशी कुणी वाद घालत नव्हतं.”

मेव्हण्यांनी मोठी प्रत छापून आणली. तपासनिसांनी ती उजेडासमोर धरली. डोळा बारीक झाला, चेहरा उतरला. “पुन्हा काढतो.”

“काही नको. पुन्हा काढलात की मिटतील.” मेट्रनबाईंनी प्रत त्यांच्या हातून काढून घेतली आणि चौकटीत घातली.

फोटो आता रुग्णालयात, नव्या खिळ्यावर आहे. त्यात मागच्या, दाराच्या पडद्याची वीण स्वच्छ दिसते. मेट्रनबाई किंचित धूसर आहेत.