चौथी रांग, नववा दगड

माळ्याला शिंपी पहिल्यांदा दिसला तो दगड पुसताना. सैनिकांच्या दफनभूमीत लोक फुलं ठेवतात नि निघून जातात. हा गुडघे टेकून, दुकानातल्या चिंध्यांनी, शाळेला निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तसा पुसत होता. शेजारी त्याची आई, डोळ्यांनी अधू. दगडाच्या कोपऱ्यातल्या टवक्यावर ती बोट फिरवत होती.

"कोण तुमचं?" कामावर नव्यानंच लागलेल्या माळ्यानं विचारलं.

"आईचे वडील. ती पोटात होती तेव्हाच गेले."

त्या भागातल्या दगडांवर नावं नव्हती. घरात होतं ते आजोबांच्या सोबत्याचं एक पत्र: दारातून शिरलं की चौथी रांग, डावीकडून नववा. त्या भरवशावर मायलेक तीस वर्षं येत होती.

पुढे मागच्या भिंतीवरचे वेल उपटताना माळ्याला विटांनी बुजवलेली कमान दिसली. फार पूर्वी, रस्ता रुंद झाला तेव्हा, दार पलीकडच्या बाजूला नेलं होतं. दोन आठवडे त्यानं ते पोटात ठेवलं. मग म्हणाला, "मास्तर, रागावू नका. पत्रातलं दार हे नव्हे."

दोघांनी कमानीपासून रांगा मोजल्या. नववा दगड गवतात बुडाला होता.

"इथं कधी कोणी आलं होतं?"

"मी. गवत कापायला."

पुढच्या खेपेला शिंप्यानं काही न सांगता आईला तिथं नेलं. तिनं दगड चाचपला आणि हात मागे घेतला.

"डोळे माझे गेलेत की तुझे? कुणाच्या दारात आणून बसवलंस? माझ्या बापाला टवका आहे!"

"आई, अगं..."

"चल म्हणते ना! वाट बघत असतील ते."

शिंप्यानं माळ्याकडे पाहिलं. माळी खुरपं चालवत राहिला. शिंपी आईचा कोपर धरून तिला जुन्या जागी घेऊन गेला.

मायलेक निघताना माळ्यानं शिंप्याला हळूच विचारलं, "सांगणार नाही?"

"काय सांगू, काका? तीस वर्षं परक्याच्या गळ्यात पडून रडलीस म्हणून?"

आई आता अंथरुणाला खिळली आहे. शिंपी दर रविवारी एकटाच येतो. आधी टवक्याचा दगड पुसतो, मग आजोबांचा.