नानांच्या अंगावर गेलेली लोटगाडी

देवपुरातला हारुन म्हणजे कुणी हाक मारली की हातातलं काम टाकून धावणारा माणूस. उन्हाळ्यात लोटगाडीवर टरबुजं विकतो. उताराच्या गल्लीत गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावायचा, एवढं भान त्याला नेहमी असतं. पण त्या दिवशी वारा सुटला. खालच्या अंगाला पाच जणी जमिनीवर साडी अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, थापत होत्या, आणि साडीचं टोक उडायला लागलं.

"हारुनभाऊ, एखादा दगड दे ना भो!" सुगंधाबाईंनी हाक मारली.

आता दगड म्हटल्यावर हारुनला जवळचा दिसला तो चाकाखालचा. उपसला आणि निघाला. मागून गडगड ऐकू आली तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय केलं ते.

त्यानं धावून दांडा धरला, पण भरली गाडी त्यालाच ओढत निघाली. समोर पाच बाया. उजवीकडे एकटे गिरधरनाना, सुगंधाबाईंचे यजमान, कोर्टातले रिटायर शिपाई, अंगणात खुर्ची टाकून दाढी करत बसलेले. हारुननं अल्लाचं नाव घेतलं आणि दांडा उजवीकडे रेटला.

नानांनी त्या वयात जी उडी मारली, ती तरण्या पोराला जमायची नाही. खुर्ची मोडली, टरबुजं फुटली. नाना शाबूत, अर्धा गाल फेसाचा.

"केस करतो!" नाना कडाडले. "गाडी आपली आपण गेली असती तर तो अपघात. तू वळवलीस. वळवली म्हणजे गुन्हा!"

हारुननं गाडीचा दांडा घट्ट धरला. केस झाली की गाडी पोलीस चौकीत जमा, आणि टरबुजाचा हंगाम काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

"नाना, तिकडे पाच जणी होत्या हो."

"कायदा डोकी मोजत नाही!"

सुगंधाबाई उठल्या. हात पिठानं भरलेले. "मंग काय, गाडी मन्हा आंगवर जाऊ देवाले जोयजे व्हती?"

"तसं नाही गं. कायद्यानं पाहिलं तर..."

"कायदा राहू द्या. मन्हाकडे देखीसन सांगा."

नानांनी तिच्याकडे न बघताच वाट बदलली. "बरं, चाकाचा दगड काढला कुणी? खरा आरोपी तो."

"मीच काढला नाना."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

हारुन सुगंधाबाईंकडे न बघता म्हणाला, "असाच काढला."

"असाच कसा? सुगंधाअक्कानी मागितला ना!" शेजारची तानुबाई बोलून गेली.

नानांनी आपल्या घरच्या आरोपीकडे पाहिलं. संध्याकाळचा स्वयंपाक त्याच आरोपीच्या हातचा होता.

"अपघात," नाना म्हणाले. "शुद्ध अपघात."

बायकांनी फुटकी टरबुजं कापायला घेतली. एक फोड नानांना न्यायची होती, पण जायला कुणी तयार होईना, म्हणून हारुनच गेला.

"बिया काढून दे," नाना गुरगुरले.

हारुननं उन्हात उभं राहून एकेक बी वेचून काढली. कामात इतकं सुख असतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.