दोर वळणारी उर्सिकिना

माझी आत्या उर्सिकिना हिला गावात कुणी गरीब बिचारी म्हणत नसे. तोंडाळ म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. पाडुस नदीच्या काठी तिचं दोर वळायचं छप्पर होतं आणि एक होडी होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दोन्ही ती एकटीच चालवायची. फ्लोरेन्ती, म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. माझी आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून आत्यानंच मला वाढवलं.

सम्राटावर त्याचेच सेनापती उलटले आणि तो फौज घेऊन आमच्या गावात आला. त्यानं नदीवर होड्यांचा पूल बांधून घेतला. दोर आत्याच्या छपरातून उचलून नेले, आणि धट्टेकट्टे पुरुष हाती लागले तेवढे भाले देऊन पलीकडच्या काठावर उभे केले. त्यांत माझे वडीलही होते. त्यांनी जन्मात भाला धरला नव्हता.

लढाई दुपारपर्यंतही टिकली नाही. सम्राट घोड्यावरून सगळ्यांत आधी पूल ओलांडून अलीकडे आला आणि आल्या आल्या त्यानं दोर तोडायला सांगितले. आमची माणसं तेव्हा पुलावर होती. आम्ही काठावरून पाहत होतो. होड्या एकमेकींवर आदळत वाहून गेल्या, माणसंही गेली. वडिलांचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

पुढे जे झालं त्याची चीड मला आजही येते. जिंकलेले वरच्या अंगाला नदी उतरून गावात आले, पण त्यांनी सम्राटाला मारलं नाही. त्याचे केस कापले, अंगावर झगा चढवला आणि त्याला आमचाच बिशप करून टाकलं. जागा रिकामी होती ना! गावाला प्रोबातुस नावाचे म्हातारे पुरोहित बिशप हवे होते. त्यांना तलवारींच्या पहाऱ्यात उभं करून त्यांच्याच हातांनी त्याचा अभिषेक करवला. ज्यानं आम्हाला बुडवलं, तोच आता आमच्या पोरांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणार होता.

विहिरीवर बायका कुजबुजायच्या, की राज्य गेलं पण बसायला खुर्ची मिळालीच. आत्या कुजबुजत नसे. ती दर रविवारी देवळात जायची आणि तो आशीर्वादाला हात उचलायचा तेव्हा पाठ फिरवून उभी राहायची.

प्रोबातुसबाबा तिला समजवायला छपरात आले. क्षमा करावी, असं प्रभूनं सांगितलंय, म्हणाले.

"मागितलीय का त्यानं?" आत्यानं विचारलं. "न मागता दिली तर ती क्षमा नव्हे बाबा, भीती झाली."

बाबा मान खाली घालून निघून गेले.

ईस्टरच्या दिवशी बिशप प्रसादाची भाकर घेऊन रांगेतून आला. आत्यानं हात पुढे केला नाही.

"दोर का तोडलेस?" तिनं भर देवळात त्याला अरेतुरे केलं.

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "बाई, तोडले नसते तर शत्रू गावात शिरला असता."

"शिरलाच की. वेशीतून शिरला, आणि वेस उघडायचा हुकूम तूच दिलास. जीव वाचवायला."

त्यानं भाकर पुढच्या माणसाच्या हातावर ठेवली.

उन्हाळा सरता सरता बातमी आली, की सेनापतींचं मन पालटलंय, त्याला मारायला माणसं निघालीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो साध्या कपड्यांत आमच्या छपराशी आला. सोबत एक नोकर. त्याला नदीपलीकडे उतरून, डोंगर ओलांडून आपल्या मुलखात जायचं होतं, आणि गावातला एकही नावाडी तयार नव्हता.

"नेते की," आत्या म्हणाली. "त्या दिवशी बुडालेल्यांतल्या एकाचं नाव सांग. एकाचंच."

त्याला एकही नाव माहीत नव्हतं. मग नोकरानं अंगठी पुढे केली. आत्यानं अंगठीकडे पाहिलं, सरळ काठावर गेली, होडी सोडली आणि रिकामीच धारेला लावून दिली. तिची एकुलती एक होडी. मी ओरडले, तर म्हणाली, "जाऊ दे. ती इथं असेपर्यंत हा आस धरून बसेल."

ते दोघं काठाकाठानं चालत गेले. वाटेतच तो तापानं मेला, असं नंतर कळलं. कुणा भल्या माणसाच्या घरात, अंथरुणावर. हे ऐकून आत्या सुखावली असेल असं लोकांना वाटलं. तिनं मात्र हातातला ताग भिंतीवर भिरकावला. "अंथरुणावर!" एवढंच म्हणाली, आणि दिवसभर जेवली नाही.

प्रोबातुसबाबा शेवटी बिशप झाले. पहिल्याच रविवारी त्यांनी आधीच्या बिशपाच्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरू केली. आत्या उभी राहिली.

"आधी आमची माणसं, बाबा. मग तो."

बाबा थांबले. ते सगळ्यांना ओळखत होते, त्यांचे बाप्तिस्मे त्यांनीच केले होते. एकेक नाव घेऊ लागले. फ्लोरेन्ती म्हटलं तेव्हा मी रडले. आत्या रडली नाही. मुठी आवळून, ताठ उभी राहून शेवटच्या नावापर्यंत ऐकत राहिली, आणि सम्राटाची पाळी आली तशी माझा हात धरून बाहेर पडली.