चित्रासमोर काढलेल्या चपला
परवा लेकीने तैलरंगाची ट्यूब उघडली आणि त्या तेलकट वासासरशी मला पंचवीसेक वर्षांपूर्वीचा शारजातला तो थंडगार हॉल आठवला. बाहेर उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता आणि आत भिंतीभर चिनी चित्रकारांची चित्रं होती, धुक्यातले डोंगर, थंडीने गाल लाल झालेल्या म्हाताऱ्या, तळ्यात बसलेल्या म्हशी. सासरे गेल्यावर यांनी सासूबाईंना कोकणातून कायमचं आमच्याकडे शारजाला आणलं होतं. शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं घाटत होतं. सासूबाई कशालाच नाही म्हणाल्या नव्हत्या, नुसत्या गप्प झाल्या होत्या. त्या दिवशी एका मोठ्या चित्रापाशी त्या थबकल्या. गुडघाभर चिखलात वाकून बायका भाताची लावणी करत होत्या, पाण्यात ढगाळ आभाळ उतरलं होतं. आमच्या कोकणात शेतात चपला घालून कुणी उतरत नाही. सासूबाईंनी चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, निऱ्या जरा वर खोचल्या आणि गार फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. "आजी, इट्स ओन्ली अ पेंटिंग," लेक म्हणाली. "होय गो, पण रोपं फार दाट लावतायत," त्या म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्यांचा इतका मोकळा आवाज ऐकला नव्हता.  यांनी वाकून चपला उचलल्या आणि आईचं बघून होईपर्यंत हातात धरून उभे राहिले. मृगाच्या आधी सासूबाई गावी परतल्या, आपलं शेत आपणच कसायला. विमानतळावर त्यांना सोडायला मीही गेले होते, तरी मला अजून वाटतं, त्या चित्रातूनच अनवाणी घरी चालत गेल्या.